खांबाशी बोलणारी वहिनी

आमची थोरली वहिनी दिवसभर ओसरीच्या खांबाशी बोलत असे. तिला वेडबीड काही लागलं नव्हतं. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही अशी आमच्या तेल्हाऱ्याकडची रीत, आणि वहिनीला गप्प बसणं जमत नव्हतं. मग पदर पुढे ओढून ती खांबाला सांगे, "खांबबुवा, मामाजींले म्हणा, जेवाले चला. भाकर निवून राहिली." बाबाही पाठ फिरवून खांबालाच उत्तर देत. मी धाकटा दीर. मला दोघांशी बोलायची मुभा होती, पण मला विचारतं कोण!

वहिनीचं माहेर अमरावतीचं. तिच्या वडिलांचा मळा एका साहेबाच्या बंगल्याला लागून होता. तिथल्या खानसाम्याकडून ती भेदऱ्यांचं, म्हणजे साहेब लोक ज्यांना टोमॅटो म्हणतात त्यांचं, सार शिकून आली होती. सासरी निघताना आईनं तिच्या पदराला भेदऱ्यांचं बी बांधून दिलं. विहिरीजवळच्या एका वाफ्यात तिनं ते लावलं. सगळ्यांत चांगलं फळ ती कधीच शिजवत नसे. त्याचं बी राखेत घोळून ठेवी. "पयले बियाचं, मंग जिभेचं," असं तिचं म्हणणं. बाकीची भेदरं मडक्यात उकडून, फडक्यातून हातानं चोळून गाळायची, तुपात जिरं-लसूण तडतडवायचं आणि वर गुळाचा खडा टाकायचा. वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटे, पण रक्तासारखं लाल ते प्यायचं कसं? घरात वहिनी एकटीच सार पीत असे.

त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. अकोल्याच्या बाजारातून परतणाऱ्या माणसाचे पाय जमिनीला लागत नसत. ज्यानं त्यानं भाजीपाला उपटून पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावायचा सपाटा लावला. बाबांनीही ठरवलं, येत्या पेरणीला विहिरीच्या काठापर्यंत पऱ्हाटीच.

"खांबबुवा," आतून आवाज आला, "पऱ्हाटी शिजवून खाता येते काय, इचारा."

"अन् ते लाल कोण खाते या घरात?" बाबा खांबावर ओरडले. "तिच्याबिगर कोणी खाल्लं तं ठेवू वाफा. नाई तं नांगर फिरवतो!"

वहिनी पहिल्यांदाच गप्प झाली. तिची आई तोवर वारली होती, आणि तिच्या हातचं एवढंच काय ते वहिनीजवळ उरलं होतं. मला फार वाईट वाटलं, पण बाबांपुढे बोलायची माझी छाती नव्हती.

त्या हिवाळ्यात बाबांना हिवताप आला. तोंडाची चव गेली, पेजही खाली उतरेना. वहिनीनं सार केलं. मी म्हणालो, "वहिनी, चिंचेचं आहे म्हणून सांगतो."

"काहून? आजारी माणसाले फसवू?" तिनं मला झिडकारलं आणि माझ्या हाती वाटी देऊन मोठ्यानं म्हणाली, "खांबबुवा, हे भेदऱ्याचं हाय. प्यायचं तं प्या म्हणा, नाई तं राहू द्या."

बाबा वाटीकडे बघत राहिले. मग डोळे घट्ट मिटून त्यांनी एक घोट घेतला. थोड्या वेळानं वाटी रिकामी झाली. ते खाकरले. "खांबा, इचार तिले, अजून हाय काय?"

वाफा राहिला. पुढे लढाई मिटली, कापसाचा भाव पडला, आणि नुसती पऱ्हाटी लावून बसलेले शेजारी लोटे घेऊन आमच्याकडे सार मागायला येऊ लागले. वहिनी कोणाला नाही म्हणाली नाही.

काही वर्षांनी तिनं अंथरूण धरलं. वैद्यांनी मान हलवली. सुनेच्या खोलीत सासऱ्यानं पाऊल टाकायचं नाही, पण त्या संध्याकाळी बाबांनी माझ्या बायकोकडून सार करवून घेतलं, वाटी स्वतः उचलली आणि थेट आत गेले. तिथे खांब नव्हता. बाबा क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "पोरी, मी बोलून राहिलो. घे थोडंसं."

वहिनीनं पदर सारखा करायला हात उचलला, पण तो वर गेला नाही. एक घोट घेऊन ती हसली. "मामाजी, मीठ कमी हाय."

त्याच आठवड्यात ती गेली.

राखेतलं बी त्या वर्षी बाबांनी स्वतः लावलं. सार झालं की ते ओसरीवर बसत, पहिला घोट घेत आणि खांबाकडे पाहून हळूच म्हणत, "आज मीठ बरोबर हाय, पोरी."