घसा बसला ते दहा दिवस

मी गिरगावातल्या एका मराठी शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. तीनेक वर्षांपूर्वी, डिसेंबरात, स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असताना मला सर्दी झाली. साधी सर्दी. आधी नाक गळलं, मग चोंदलं, मग कपाळ जड झालं. निम्म्या शिक्षिका तेव्हा नाकाला रुमाल लावूनच फिरत होत्या, त्यामुळे कुणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही, आणि मीही नाही. आमच्या परळच्या इमारतीभोवती तीन बाजूंनी टॉवरची कामं चालली होती. सकाळी खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं की ते पांढरं व्हायचं. या धुळीत नाक सुखरूप राहिलं असतं तरच नवल, असं म्हणून मी मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेतल्या आणि चाळीस मुलांना कोळीनृत्य शिकवत राहिले.

आठवड्याभरात नाक मोकळं झालं, पण आवाज बसला. सकाळी बरा असायचा, दुपारच्या सुट्टीपर्यंत फाटायचा, आणि घरी पोचेपर्यंत नुसती हवा बाहेर यायची. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटे, म्हणून मी सारखी खाकरत असे. खाकरलं की क्षणभर बरं वाटायचं आणि मग पहिल्यापेक्षा वाईट.

घरी आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासूबाई. नवऱ्याचा आवाज मुळातच पुटपुटल्यासारखा. तो जे बोलतो ते बहुतेक त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला ऐकू जातं. सासूबाईंचं वय तेव्हा शहात्तर, आणि त्यांना ऐकू कमी येतं ही गोष्ट त्या सोडून सगळ्या मजल्याला ठाऊक होती. मशीन लावून घ्या म्हटलं की म्हणायच्या, "माका सगळा आयकाक येता. तुमीच पुटपुटतास." नवऱ्याच्या बाबतीत ते खरंही होतं. त्यामुळे लग्न झाल्यापासून, म्हणजे चौदा वर्षं, त्यांच्याशी बोलण्याचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि ते मी ओरडून करत होते. भांडण म्हणून नव्हे. "आई, चहा घेतला का?" हेसुद्धा मी ज्या पट्टीत विचारायची, ती पट्टी ऐकून एकदा समोरच्या घरातून उत्तर आलं होतं, "हो, घेतला."

सासूबाईंनी माझ्या घशाचा ताबा घेतला. सुंठ, मिरी, तुळस, गवती चहा असा काढा सकाळ-संध्याकाळ. तोंडात ज्येष्ठमधाची कांडी. मीठ-हळदीच्या गुळण्या. आमटीतलं तिखट कमी झालं आणि नवरा लोणच्याची बरणी शेजारी घेऊन जेवू लागला. इतकं करून संमेलन पार पडलं, नाताळची सुट्टी सुरू होऊन संपत आली, तरी आवाज काही येईना. तेव्हा कुठे मी दादरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले.

दवाखाना एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होता. डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. आधी माझ्या गोळ्यांचं पाकीट बघून त्यांनी ते टेबलावर उलटं ठेवलं.

"सर्दीला ही अँटिबायोटिक कोणी दिली?"

"मेडिकलवाल्याने."

"साधी सर्दी व्हायरसची असते. हिचा तिला काही उपयोग नाही. वाफ, गरम पाणी, विश्रांती, एवढ्यावर ती गेली असती. तुम्ही विश्रांती सोडून बाकी सगळं घेतलंत."

मग नाकातून एक बारीक नळी आत घातली. डोळ्यांतून पाणी आलं, पण दुखलं नाही. समोरच्या पडद्यावर माझा घसा आतून दिसत होता, ओला आणि गुलाबी, त्यात दोन पांढरट पट्ट्या उघडत होत्या, मिटत होत्या. त्यांनी मला 'ई' म्हणायला सांगितलं. पट्ट्या जवळ आल्या, पण मधोमध अडल्या. दोन्हींवर समोरासमोर साबुदाण्याएवढे उंचवटे होते.

"चप्पल घासून घासून पायाला घट्टा पडतो ना, तसे हे स्वरतंतूंवरचे घट्टे आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "सर्दीने आधीच सुजलेल्या घशावर तुम्ही जोर लावलात. पण हे महिन्याभराचं काम नाही, जुनं आहे. दिवसभरात कुठे कुठे ओरडता?"

"शाळेत."

"आणि?"

"घरी."

"घरी कोणावर?"

"सासूबाईंवर," मी म्हटलं, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. मग मला सगळं समजावून सांगावं लागलं, आणि त्या घोगऱ्या आवाजात ते ऐकताना त्यांनाच माझी दया आली असावी.

दहा दिवस पूर्ण मौन, असं त्यांनी लिहून दिलं. कुजबुजायचंही नाही, कुजबुजताना घशावर उलट जास्त ताण येतो. खाकरायचं नाही, त्याऐवजी पाण्याचा घोट घ्यायचा. त्यानंतर आवाजाचे व्यायाम. गाठी नरम आहेत, बहुतेक ऑपरेशनची वेळ येणार नाही. शाळेसाठी सर्टिफिकेट दिलं. मी मान डोलावली. मौन तिथूनच सुरू झालं.

पहिले दोन दिवस घरात गोंधळ. नवरा प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत राहायचा आणि मग म्हणायचा, "अरे हो, सॉरी." मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायची. नवऱ्यासाठी ते ठीक होतं, सासूबाईंसाठी नव्हतं. त्यांना चष्मा शोधावा लागे, मग एकेक अक्षर लावावं लागे, आणि वाचून होईपर्यंत दूध उतू गेलेलं असे. शाळा सुरू झाल्यावर वर्गातल्या मुलांनी माझा वर्ग सांभाळणाऱ्या मैत्रिणीच्या फोनवरून निरोप पाठवला: "बाई, आम्ही गप्प बसतो, तुम्ही या." तो वाचून मला रडू आलं. रडतानाही आवाज करायचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बांगड्याचं तिकलं करत होते. सासूबाई ओट्याला टेकून कोथिंबीर निवडत होत्या. तिरफळं कुठे ठेवलीत हे मला विचारायचं होतं. हात मसाल्याने माखलेले, पेन्सिल धरता येईना. सवयीने मी त्यांच्याकडे वळले आणि नुसतेच ओठ हलवले.

"वरच्या फळयेर. काचेच्या बरणीत," त्या म्हणाल्या.

मी थांबले. पुन्हा ओठ हलवले. आवाज नाही, श्वाससुद्धा नाही. "आई, तुम्हाला कळलं?"

"कळला. त्यात काय ता?"

मी गॅस बंद केला. मग मुद्दाम लांबलचक वाक्य ओठांनी म्हटलं, की समोरच्या घरातल्या वहिनींच्या मुलीचं जमलंय, मुलगा शीवचा आहे, आणि मुलीच्या वडिलांना तो पसंत नाही. सासूबाईंनी कोथिंबिरीची काडी तोडली आणि म्हणाल्या, "बापाशीक कोण पसंत आसता? तेका खंयचोच जावय पसंत पडाचो नाय, मगे शीवचो काय आणि परळचो काय."

सासूबाई लग्न होऊन कोकणातून आल्या आणि कापडगिरणीत वायंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामाला, लागल्या, हे मला माहीत होतं. गिरणी बंद पडेपर्यंत त्या तिथे होत्या. पण तिथे काय आवाज होता, ते मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सांगितलं. रांगेत पस्तीसेक बायका, समोर सुताच्या फिरत्या चात्यांची ओळ, आणि दिवसभर असा घरघराट, की शेजारणीने कानाशी तोंड आणून सांगितलं तरी ऐकू येत नसे. "थंय कोणाचा कोणाक आयकाक येय नाय. ओठ बगूचे नि समजाचा." लग्नं तिथे ठरली, बाळंतपणं कळली, मुकादमाची नक्कल झाली, सगळं ओठांवर आणि बोटांवर. आठेक महिन्यांत नव्या बाईला ती भाषा यायची. त्याच घरघराटाने त्यांचे कान गेले होते, आणि त्याच घरघराटाने त्यांना त्यावरचा इलाजही शिकवून ठेवला होता.

मी ओठांनी विचारलं, "मग इतकी वर्षं मी ओरडत होते तेव्हा?"

"तू आराडतंस तेव्हा तोंड वाकडातिकडा होता. मगे माका समजणा नाय." त्यांनी माझा वेडावाकडा जबडा करून दाखवला. "आणि पाठमोरी उभी रवान बोलतंस. पाठ काय बोलता गो?"

मी ओट्याला धरून हसले, आवाज न करता, पोट दुखेपर्यंत. त्याही हसल्या. नवरा आत डोकावला आणि एक बाई आवाज न करता हसतेय, दुसरी जोरात हसतेय, हे बघून परत गेला.

त्यानंतरचे दिवस छान गेले, हे कबूल करायला हवं. श्वास न लावता ओठ हलवलेले चालतील का, असं मी डॉक्टरांना मेसेज करून विचारलं. जपून, थोडंच, असं उत्तर आलं. थोडंच काही राहिलं नाही. दुपारी आम्ही दोघी समोरासमोर बसायचो आणि चौदा वर्षांत झालं नव्हतं इतकं बोलायचो. ओरडताना माणूस कामापुरतंच बोलतं. औषध घेतलं का, गॅस बंद केला का, कोण आलं होतं. ओरडून कोणी कोणाला विचारत नाही, की तुम्हाला गाव सोडताना कसं वाटलं होतं. ते मी आता विचारलं. त्या म्हणाल्या, की सगळ्यात जास्त आठवण म्हशीची आली होती.

सातव्या दिवशी त्यांनी जेवताना विचारलं, हे दुखणं नेमकं कशाने झालं. मी ओठांनी म्हटलं, "शाळेमुळे." पण नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. तो मान वर करून, एकदाच स्पष्ट, म्हणाला, "शाळेत ओरडते आणि घरी तुझ्याशी ओरडून बोलते. दोन्हींमुळे."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "माज्यापायी?" त्यांनी मला विचारलं. मी जोरजोरात नाही अशी मान हलवली. "आधी कित्याक नाय सांगलंस?" एवढंच बोलून त्या उठल्या. दुपारभर खिडकीशी बसून राहिल्या. मी जवळ जाऊन बसले, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, आणि त्यांनी बघितलं नाही तर मला त्यांच्याशी बोलायची काही सोयच नव्हती. मी नुसता त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाहेर जायचं पातळ नेसून, पर्स मांडीवर घेऊन दाराशी बसल्या होत्या. "चल. डॉक्टरणीकडे. मशीन लावूचा आसा."

दादरला त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बाहेर यंत्रावर बसलेली मुलगी थोड्या वेळाने गोंधळून गेली. निकाल जवळजवळ चांगला येत होता. काय चाललंय ते माझ्या लक्षात आलं आणि मी कागदावर लिहून दिलं: "त्या तुमच्या चेहऱ्याकडे बघून बटण दाबतायत." मुलीने खुर्ची फिरवून पाठ केली. मग खरा निकाल आला. बारीक आवाज जवळजवळ सगळेच गेले होते. डॉक्टर त्यांच्या समोर बसून सावकाश म्हणाल्या, "आजी, कान गेले, पण तुम्ही हुशार आहात." सासूबाईंनी तिथल्या तिथे त्यांना माझ्या घशाबद्दल सहा प्रश्न विचारले.

दहा दिवसांनी मी पहिला शब्द बोलले, तो 'पाणी'. नंतर व्यायाम सुरू झाले. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे, ओठ मिटून गुणगुणायचं, खांदे सैल ठेवायचे. मार्च अखेरीस नळी पुन्हा आत गेली. गाठी जवळजवळ विरल्या होत्या, आणि ऑपरेशनचं नाव निघालं नाही. वर्गात मी आता टाळ्या वाजवून मुलांना गप्प करते: दोन टाळ्या मी, तीन ते. कोळीनृत्य शिकवायला गळ्यात लहान माइक असतो. सर्दी झाली की मी निमूटपणे रजा टाकते.

सासूबाईंचं मशीन जानेवारीच्या शेवटी आलं. कानात बसवून झाल्यावर आम्ही घरी आलो तेव्हा त्या दारातच थबकल्या. पंख्याचा आवाज येत होता. माझ्या सपातांचा येत होता. कुकरची शिट्टी झाली तेव्हा त्यांनी कानावर हात ठेवले. मी त्यांच्यासमोर बसले आणि, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं, हळू, श्वास सांभाळून म्हटलं, "आई, चहा घेणार?"

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"तुजो आवाज इतको मऊ आसा?" त्या म्हणाल्या. "माका वाटला, तू कायम रागातच आसतंस."

मग त्या म्हणाल्या, चहा घेईन, आलं घाल, आणि पुन्हा एकदा बोल.