गाठीला लोखंड

माझे दाजी सिद्धराम उदगीरच्या मोंढ्यात भेटेल त्याला सांगतात, "मशीननं दगा दिला." ऐकणारा हळहळतो. मी तिथं असले तर उठून जाते. नाचता येईना तर अंगण वाकडं, दुसरं काय!

दाजींची तिथंच धान्याची आडत आहे. नजर पक्की, आवाज त्याहून मोठा. शेतकऱ्यानं पोत्याचं तोंड उघडून वरचा हरभरा दाखवला की ते हसायचे. पोकळ सळई पोत्याच्या पोटात खुपसून आतले दाणे तळहातावर घेतल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला भाव सांगितला नाही. "वरून बघून माल घेणाऱ्याचं दिवाळं निघतं," असं नव्या व्यापाऱ्यांना ऐकवायचे.

गौरम्मा अक्का त्यांची बायको, माझी थोरली बहीण. गेल्या वर्षी तिला फिट आली. लातूरला एमआरआय केला, तर डोक्यात गाठ. तिथल्या डॉक्टरबाईंनी आणखी बारकाईनं चित्रं काढली आणि संगणकाला दाखवली. असल्या हजारो गाठींची चित्रं बघून शिकलेला संगणक. कवटीला हात न लावता गाठीची जात सांगतो म्हणे. त्यानं सांगितलं, हळू वाढणारी दिसते.

"पण हा अंदाज आहे, चुकूही शकतो," बाई म्हणाल्या. "सुईनं लहानसा तुकडा काढून तपासू. मग उपचार ठरवता येतील."

"गाठीला लोखंड लागलं की ती भडकती," दाजी म्हणाले. "आमच्या चुलत्याचं तसंच झालं. मशीननं सांगितलं न्हवं? बास की."

बाईंनी परोपरीनं समजावलं. पण दाजी ऐकतात कसले!

"डोस्कं माझं हाय. मला तर इचारा," अक्का म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

संपला विषय. पोतंभर हरभऱ्याची जेवढी काळजी घेतली, तेवढीसुद्धा माझ्या बहिणीची घेतली नाही. मशीनवर मी कशाला चिडू? ते बिचारं चुकू शकतं, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं.

फिटच्या गोळ्या घेऊन अक्का घरी आली. पावसाळा सरता सरता तिचा उजवा हात लुळा पडला, बोलताना शब्द अडायला लागले. पुन्हा चित्रं काढली. गाठ पसरली होती, आणि या वेळी संगणकही म्हणाला, झपाट्यानं वाढणारी आहे. बाईंनी मान खाली घातली. घरी न्या म्हणाल्या.

शेवटी शेवटी मीच तिला भरवायचे. एका दुपारी तिनं घास तोंडातच धरला, मग कसाबसा गिळला.

"सुकन्ये, सुई लई दुखली असती का गं?"

"न्हाई अक्का. भूल देत्यात. कळलंबी नसतं."

"मग?"

मी दाजींकडं पाहिलं. ते उशाशीच बसले होते. अक्कानंही मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. लग्नापासून कधी गॅसजवळ न फिरकलेला तो माणूस "दूध तापवतो" म्हणून उठला आणि आत गेला.