रिपोर्ट कोणाचा होता?

मैत्रिणींनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझे यजमान निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. हल्ली त्यांना नावं आठवत नाहीत. हा विसराळूपणा डिमेन्शियाकडे जाईल का, याचा अंदाज घेण्यासाठी इथे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या हॉस्पिटलमध्ये त्यांची ब्लड टेस्ट केली होती. आज रिझल्ट कळला. रक्तातले त्या आजाराची चाहूल देणारे मार्कर वाढलेत. "खात्रीने सांगता येत नाही, पण शक्यता बरीच आहे," डॉक्टर म्हणाली. यांनी तिला अगदी मुद्द्याचे प्रश्न विचारले, पूर्वी हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये पेशंटच्या केसबद्दल विचारायचे तसे.

परत येताना मी ड्राइव्ह करत होते. बाहेरचा बर्फ बघत हे म्हणाले, "वाईट केस आहे. त्याच्या बायकोला सांगितलं का कोणी?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. वळून पाहिलं, तर चेहऱ्यावर खरीच काळजी होती.

"सांगितलंय," मी म्हणाले.

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, मी आहे त्याच्याजवळ."

"मग बरंय," म्हणाले आणि डोळे मिटले.

आता चहा घेत बसलेत. मला नावाने हाक मारतायत, रिपोर्टचा विषयही नाही. तो रिपोर्ट त्यांचाच आहे, हे त्यांना पुन्हा सांगू का? तुम्ही काय केलं असतं?