वयाचा रकाना

माझे वडील आमगावच्या एका राईस मिलमध्ये मिस्त्री होते. धान किती वाळलंय हे ते दाणा दाताखाली फोडून सांगत, आणि त्यावरून भरडायच्या यंत्राचे रबरी रूळ किती आवळायचे ते ठरत असे. फार आवळले तर तांदळाची कणी होते, ढिले राहिले तर टरफल सुटत नाही. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. मग मिलला नवा मालक आला, नवी यंत्रं आली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी वडिलांना शाल-नारळ देऊन घरी पाठवलं.

मी तेव्हा लग्न होऊन तिरोड्याला आले होते. मजूर पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे नावं लिहायची नोकरी करत होते. फोनवर वडील म्हणायचे, आराम करून राहिलो. आईनं एकदा सांगितलं, की हे रोज डबा घेऊन निघतात, स्टेशनच्या बाकावर जेवतात आणि पाचला घरी येतात. मी ते हसण्यावारी नेलं.

त्या हिवाळ्यात ठेकेदारानं चौकीदारांची भरती काढली. पंचावन्नच्या वरचा माणूस घ्यायचा नाही, असं ऑफिसातल्या साहेबांनी बजावलं होतं. एरवी मी आतल्या खोलीत बसायची. त्या दिवशी माझं टेबल फाटकापाशी मांडलं होतं. आधार कार्ड पाहायचं, वय लिहायचं, बसत नसेल तर कार्ड परत द्यायचं. दुपारपर्यंत मी कितीतरी जणांना परत पाठवलं. त्यांच्या तोंडाकडे पाहायचंही मी सोडून दिलं होतं.

मग एका कार्डावर वडिलांचं नाव वाचलं.

त्यांनी केस काळे केले होते. कानाच्या पाळीला रंग लागून राहिला होता. मी फाटकावर असेन, हे त्यांना ठाऊक नसावं. साहेब माझ्या बाजूलाच उभे होते. मी कार्डावरचं वय पुन्हा वाचलं. वडिलांनीच माझ्या हातातून कार्ड हळूच काढून घेतलं.

"वय बसत नाही ना, मॅडम? राहू द्या," ते म्हणाले आणि मागच्या माणसाला वाट करून दिली.

त्यांना हाक मारायला हवी होती. मी पुढच्याचं कार्ड घेतलं.

रविवारी मी आमगावला गेले. मला का नाही सांगितलं, म्हणून रडले. ते अंगणात खाटेवर बसले होते.

"तुले सांगलो असतो त तू खोटं वय लिहिली असती," ते म्हणाले. "मंग तुही नोकरी गेली असती."

मी तसं केलं असतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर मी ओळखीपाळखीच्यांना विचारत सुटले. सालेकशाकडच्या एका बचत गटानं छोटी गिरणी घेतली होती, पण तिच्यातून निम्मा तांदूळ तुटूनच निघत होता. मी फोन केला आणि त्या बायांनी वडिलांना बोलावून घेतलं. दोन हंगाम ते आठवड्यातून तीनदा गाडीनं जात राहिले. एकदा मी बघायला गेले, तर ते पोत्यावर बसले होते आणि सात-आठ बाया त्यांच्याभोवती धानाचे दाणे दातानं फोडून बघत होत्या. वडिलांना इतकं बोलताना मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

दुसरा हंगाम संपल्यावर त्यांनी आईला सांगितलं, उद्यापासून डबा नको. त्यांना कोणी काढलं नव्हतं. बायांना सगळं जमायला लागलं होतं, एवढंच.

"आता मी तिथं कायले जागा अडवून बसू?" ते मला म्हणाले.

गटाच्या दोघीजणी मुद्दाम आमगावला आल्या. बाबा, तुम्ही नुसते येऊन बसा, म्हणाल्या. वडिलांनी त्यांना चहा पाजला, स्टेशनपर्यंत सोडायला गेले, सोमवारी येतो म्हणाले. सोमवारी ते गेले नाहीत, नंतरही नाहीत. आई म्हणते, आता ते दुपारीसुद्धा भिंतीकडे तोंड करून पडून असतात.