सुलाबाईनं सांगितलेलं ऊन

सुलाबाई आमच्या गावच्या उपकेंद्रात एकवीस वर्षं कामाला होती. कागदावर तिचं पद अर्धवेळ स्त्री परिचर असं होतं. अर्धवेळ म्हणजे सकाळी सहाला झाडलोट, मग विहिरीवरून चौदा घागरी पाणी, सुया उकळणं, लस टोचायला लेकरं गोळा करत गावभर हिंडणं, आणि नर्सबाई रजेवर असल्या तर बाळंतपणंसुद्धा. पूर्णवेळ कामाची माणसं मी पुष्कळ पाहिली. तिच्याइतकं काम त्यांतल्या थोड्यांनीच केलं.

गाव पोखर्णीहून चार मैल आत. उपकेंद्राला इमारत नव्हती, म्हणून ते आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात चाले. वस्ती बौद्धांची.

तिचा नवरा आश्रुबा हा किशनराव मालकाचा सालगडी होता. एकोणऐंशीच्या वैशाखात तो न विचारता परभणीला नामांतराच्या मोर्चाला गेला. दुसऱ्या दिवशी कामावर आला तेव्हा किशनरावानं त्याला अंगणात उभं केलं, डोक्याचं मुंडासं काढायला लावलं आणि म्हणाला, "मोर्चाचं ऊन गोड लागलं न्हवं तुला? मग आता खा पोटभर."

सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत आश्रुबा उभा होता. आम्ही बाकीचे तिघं गडी गोठ्यात कडबा तोडत होतो. पाण्याचा रांजण वीस पावलांवर होता. कुणी पाणी दिलं नाही. मीही दिलं नाही. तीनला तो पडला. अंगाला हात लावता येत नव्हता इतकं तापलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गेला. पोलीस जमादार आला, मालकाकडे चहा प्याला आणि 'ऊन लागून मयत' असं लिहून गेला. ते खोटं नव्हतं, म्हणून कुणाला काही म्हणता आलं नाही.

आश्रुबाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सुलाबाई माझ्या बायकोला म्हणाली, "त्याला मी सोडणार न्हाई. कवा ते माहीत न्हाई, पर सोडणार न्हाई." दोन वर्षांनी तिला उपकेंद्रात काम लागलं. पुढची पाच वर्षं ती त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, विसरली.

किशनरावाच्या घरी गोषा होता. सून कमलबाई दिवसा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. तिचा नवरा तात्याराव मानवतला आडतीवर राही, आठवड्यातून एकदा येई. तिची पहिली दोन लेकरं वर्षाच्या आत गेली. म्हणून तिसरी मुलगी कस्तुरा झाली तेव्हा तिला दृष्ट लागू नये म्हणून घरानं फार जपलं. बाहेरचं वारं नको, परक्याची नजर नको. खोलीची खिडकीसुद्धा फळ्या ठोकून बंद केली. पोर सतत दुपट्यात गुंडाळलेली. अडीच वर्षांची झाली तरी तिला उभं राहता येईना. पाय धनुष्यासारखे वाकले, मनगटं सुजल्यासारखी जाड झाली, कपाळ पुढं आलं. गावानं मुडदूस म्हणून नाव ठेवलं. ताईत बांधले. पोटावर बिब्ब्याचे डाग दिले. त्या डागांनी पोर तेवढी रडली, बाकी काही झालं नाही.

शहाऐंशीची दिवाळी झाल्यावर एका गुरुवारी पडदा लावलेली बैलगाडी समाजमंदिरासमोर उभी राहिली. गुरुवारी डॉक्टर येत. कमलबाई तोंडावर पदर ओढून लेकरू घेऊन आत गेली. किशनराव गाडीपाशीच थांबला. समाजमंदिराची पायरी तो चढणार नव्हता. पुढं जे झालं ते या पायरीमुळं झालं.

आतलं मला सुलाबाईनं नंतर सांगितलं. पोर तिनंच टेबलावर धरली होती. डॉक्टरांनी पाय दाबले, मनगटं पाहिली आणि विचारलं, हिला ऊन कधी दाखवलं? कमलबाईनं मान हलवली. डॉक्टर म्हणाले, हाडाला चुना लागतो. तो दुधातून मिळतो. पण तो हाडात बसवायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि उघड्या अंगावर ऊन पडलं की ते कातडीतच तयार होतं. कापडाआडून नाही, बंद खिडकीतून नाही. हिची हाडं कच्ची राहिली आहेत. औषध देतो, दूध पाजा, आणि रोज अर्धा तास उघड्या अंगानं उन्हात ठेवा. सहा-आठ महिने. मग त्यांनी कमलबाईला विचारलं, कंबर दुखते? उठताना मांड्यांत जोर राहत नाही? ती हो म्हणाली. तुम्हालाही तेच झालंय, डॉक्टर म्हणाले, तुम्हीही उन्हात बसा. बाहेर चाळीस रोगी बसले होते. मालकांना तू समजावून सांग, असं सुलाबाईला म्हणून त्यांनी पुढचा रोगी बोलावला.

सुलाबाई बाहेर आली. रोजगार हमीच्या रस्त्याची खडी मी समोरच फोडत होतो. यापुढचं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"काय म्हणला डॉक्टर?" किशनरावानं विचारलं.

"मुडदूसच हाय, मालक. औषध दिलंय. पर ऊन पायजे. रोज अर्धा घंटा, हितं, ह्या मैदानात."

"आमच्या अंगणात ऊन पडत न्हाई का?"

"हितं नर्सबाईच्या नजरंखाली पायजे. आन् लेकराला आज्यानंच धरायचं. उभ्यानं. उघड्या डोक्यानं."

"माझ्या डोक्याचा काय संबंध?"

"रुमालाची सावली पडती लेकरावर."

किशनरावाला ते पटलं नाही. कमलबाई एव्हाना गाडीत बसली होती. त्यानं पडद्याकडे तोंड करून विचारलं, "सूनबाई, असंच म्हणला का डॉक्टर?"

माझा हातोडा थांबला होता.

"जी मामंजी," आतून आवाज आला. "असंच म्हणले."

दुसऱ्या दिवसापासून किशनराव उभा राहू लागला. सकाळी दहाला गाडी येई. तो खाली उतरे, डोक्याचा रुमाल काढून जुवावर ठेवी आणि उघडी नात दोन्ही हातांवर धरून मैदानात उभा राही. समोर आमची पंचवीस घरं. आमच्याकडे पुरुष चारचौघांत उघड्या डोक्यानं उभा राहतो तो घरात कुणी गेलं तरच. पहिल्याच दिवशी सरजाबाई पाण्याला जाता जाता थांबली आणि अगदी कळवळून म्हणाली, "मालक, कोन गेलं वो?" सगळी वस्ती पदराआड हसली. त्यानं खाली पाहिलं.

पोरीच्या कामात सुलाबाईनं तसूभर कसूर केली नाही. रोज पायांना तेल चोळी, औषध स्वतःच्या हातानं पाजी, दूध प्यालं का ते खोदून विचारी. फाल्गुनात ऊन कडक झालं तेव्हा वेळ आठवर आणली आणि पोरीच्या डोक्यावर ओलं फडकं टाकलं. म्हाताऱ्याच्या डोक्यावर काही नाही. कमलबाईला ती नर्सबाईंच्या खोलीमागं, बांबूच्या तट्ट्याच्या आडोशाला, पाठ उघडी टाकून बसवी. त्या दोघी तिथं काय बोलत ते मला माहीत नाही. हसण्याचा आवाज मात्र एक-दोनदा आला.

डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. एका गुरुवारी ते मोटारसायकलवरून उतरले, किशनरावाला उभं पाहिलं आणि म्हणाले, आजोबा असावा तर असा. सुलाबाई आत जाऊन तोंडात पदर कोंबून बसली.

मी एकदा तिला म्हणालो, आता झालं की, चार महिने उभा आहे बिचारा. ती म्हणाली, "बिचारा? त्यो अर्धा घंटा उभा ऱ्हायलाय, गार उन्हात. माझा माणूस सहा घंटे व्हता, वैशाखात. तुमी व्हते की तिथं." मी खडी फोडू लागलो.

गुढीपाडवा झाल्यावर चौथ्या दिवशी कस्तुरा आज्याच्या हातातून सुटून नऊ पावलं चालली. मी मोजली. त्याच संध्याकाळी सुलाबाई आमच्याकडे आली आणि म्हणाली, उद्या मी त्याला खरं सांगणार. मी म्हणालो, कशाला? गावानं पाहिलं, तू जिंकलीस. नोकरी घालवशील. ती म्हणाली, "आतापतुर त्यो नातीपायी उभा हाय. त्याला ठावंच न्हाई तर आश्रुबापायी उभा कसा?"

दुसऱ्या दिवशी अर्धा तास भरल्यावर ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मालक, डॉक्टरनं तुमाला उभं ऱ्हायला सांगितलंच न्हवतं. लेकरू कुणीबी धरलं असतं. तुमच्या अंगणात बाजंवर निजवलं असतं तरी चाललं असतं. हे मी लावलं तुमाला."

किशनरावाला आधी समजलंच नाही. मग चेहरा काळा पडला. "कशापायी?"

"आश्रुबापायी."

त्यानं नातीला खाली उभं केलं. मग म्हणाला, "सुले, उद्याच्या उद्या तुझी नोकरी घालवतो."

"घालवा की. अर्जात काय लिवणार?"

पाच महिने सुलीनं मला फसवून वस्तीत बोडक्या डोक्यानं उभं केलं, हे तो कोणत्या साहेबाला लिहून देणार होता? मग त्याला दुसरं काही सुचलं. तो तट्ट्याकडे वळला. कमलबाई पोरीला आणायला बाहेर येऊन उभी होती.

"तू आत व्हतीस. तुला ठावं व्हतं?"

"जी."

"पहिल्या दिवसापून?"

"जी मामंजी. पहिल्या दिवसापून."

किशनरावानं रुमाल डोक्याला गुंडाळायला घेतला. दोनदा सुटला. मग तो तसाच हातात धरून पायी घराकडे निघाला. सून, नात आणि गाडी मागं राहिली. सुलाबाई त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहत होती. तिनं डोळे पुसले नाहीत, कारण पुसण्यासारखं काही नव्हतं.

पोरीचं औषध अजून दोन महिने चालायचं होतं. दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. साडेआठला कमलबाई पायी आली. कस्तुरा बोट धरून चालत होती, थकली की कडेवर. पदर डोक्यावर होता, तोंड उघडं होतं. घरी काय झालं ते तिनं सांगितलं नाही. डाव्या गालावर वळ होता. सुलाबाईनं तो पाहिला आणि विचारलं नाही.

गुरुवारी डॉक्टर आले तेव्हा सुलाबाईनं टेबलावर दोन केसपेपर ठेवले. एक कस्तुराचा, जुना. दुसरा कोरा. कमलबाईनं विचारलं, हा कुणाचा?

"तुमचा," सुलाबाई म्हणाली. "नाव सांगा. पूर्ण सांगा."