कराराच्या चिनी बाजूला

ऐंशीच्या दशकातला एक हिवाळा. टोनीने स्कूटर बाहेर काढली, "चल, बस," म्हणाला, आणि आम्ही बोरीवलीहून मुलुंडला निघालो.

टोनी आमच्या सोसायटीतला चिनी शेजारी. जन्म मुंबईचा, मराठी माझ्याहून फर्डं. त्याच्या आईचं बालपण मात्र चीनमधलं. ती चार वर्षांची असताना तिचे वडील करारावर मजूर म्हणून दूरच्या एका बेटावर, नारळाच्या मळ्यात गेले. "तीन वर्षांनी येतो," म्हणाले आणि चौथ्या वर्षी तिकडेच वारले. घरी उरली कराराची प्रत, अर्धी इंग्रजी, अर्धी चिनी. आईला वाचता येत नव्हतं. शाळकरी टोनीने इंग्रजी बाजू वाचून दाखवली: मुदत पाच वर्षं. बाप आपल्याशी खोटं बोलून गेला, हे तेव्हापासून तिच्या मनात बसलं. ती त्याचं नावही काढेना.

"चिनी बाजू कुणी वाचलीच नाही रे," टोनी म्हणाला. "बासष्टच्या युद्धानंतर असले कागद दाखवायचीच भीती होती." आता मुलुंडला चिनी वाचता येणारे एक म्हातारे चिनी दंतवैद्य असल्याचं कळलं होतं.

तेव्हा जायचं तर सकाळीच निघावं लागे. उशीर झाला की आग्रा रोडवर ट्रकांच्या मागे अडकायला व्हायचं. आरे कॉलनीत शिरल्यावर शहर विरघळून गेलं. गवतावर धुकं, तबेल्यांचा उबदार वास. स्कूटर तरंगत होती जणू. पवई तलावाकाठी गरम वडे खाल्ले. टोनीने हात पुसून कागद उघडला. नंबर, उंची, गालावरचा व्रण, अंगठ्याचा ठसा. पाण्यावर ऊन पसरलं होतं. ते बेट पलीकडच्या काठालाच असावं, असं वाटत राहिलं.

मुलुंडला डॉक्टरांनी भिंग धरून कागद दोनदा वाचला.

"इथे तीन लिहिलंय."

"नीट बघा ना, अंकल."

"तीनच. इंग्रजीत पाच, चिनीत तीन. ठसा घेताना त्याला हेच वाचून दाखवलं असणार."

टोनी खुर्चीत खचला. "म्हणजे मी आईला अर्धाच कागद वाचून दाखवला, यार."

परतीच्या वाटेवर तो कुठेही न थांबता थेट घरी आला.

घरी आई पापडी निवडत होती. टोनी तिच्यासमोर जमिनीवर बसला. "आई, आजोबा खोटं बोलले नव्हते. त्यांना तीनच वर्षं सांगितली होती. चूक माझी झाली."

"पोर होतास तू. जे वाचता आलं ते वाचलंस." तिचे हात थांबले. म्हणाली, "मग चौथं वर्ष लागलं, तेव्हा त्यालाही कळलं असेल, आपण फसलो ते." आणि ती रडू लागली.

आज तो रस्ता मला ओळखू येत नाही. पण त्या संध्याकाळी तिने डोळे पुसून आम्हाला जवळ बसवून घेतलं, ते आठवतं. "गावाबाहेर नदी होती," ती सांगू लागली, "बाबा मला खांद्यावर बसवून बदकं दाखवायला न्यायचे." टोनीने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.