पंखावरची लोकर

विमानांची इंजिनियर म्हणून लेकीला नोकरी लागली, तेव्हा आई गल्लीभर मिरवली. आणि लेक पहिल्याच महिन्यात काय करत होती? पंखावर लोकरीचे तुकडे चिकटवत होती! "एवढं शिकून शेवटी लोकरच ना?" आई फणकारली, पण स्वेटरची उरलेली लोकर मुकाट्याने तिच्या पिशवीत टाकली.

हँगरमध्ये तिला सगळे धाकटी म्हणत. उतरताना वेग कमी केला की हे संशोधनाचं विमान थरथरतं, अशी वैमानिकाची तक्रार होती. साहेब म्हणाले, "मनाचे खेळ!" धाकटीला मात्र खात्री होती, की पंखाच्या बुंध्याशी बसवलेल्या नव्या यंत्रामुळे तिथली हवा बिघडते. हवा बिघडली तर लोकर उलटी वळणार, इतकं साधं. विमान उद्याच दूरच्या मोहिमेवर निघणार होतं आणि भलतंसलतं झालं तर वैमानिकाच्या जिवावर बेतणार होतं.

वैमानिकाने विमान उंच नेलं, वेग कमी केला, परत आला. पंखावर रोखलेल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ बघायला सगळे जमले. पांढरा पंख, पांढरी लोकर. एक धागा दिसेल तर शपथ! धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वा! दुधात साखर शोधायला बसवलंत आम्हाला," साहेब म्हणाले.

तरी ती बोललीच, "सर, अजून उजेड आहे. एक फेरी द्या. मी धागे काळे करते."

"एकटी? कधी होणार?"

"एकटी कशाला?" वैमानिकाने तिच्या हातातलं एक मार्कर ओढून घेतलं. "उडायचंय मला." मग काय, कुरकुरत का होईना, साहेबही पंखापाशी वाकले.

दुसऱ्या व्हिडिओत धागे आधी शहाण्यासारखे सरळ होते. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. वेग आणखी उतरला, तसा बुंध्याशी एक धागा थरथरला, गर्रकन फिरला आणि उलटा पडला. मग शेजारचा. मग अख्खी रांग!

"म्हणजे मला भास होत नव्हता तर," वैमानिक हळूच म्हणाला आणि मटकन खुर्चीत बसला.

साहेबांनी मोहिमेच्या कचेरीत फोन लावला. "उद्या विमान निघणार नाही." पलीकडून आरडाओरडा झाला, कारण विचारलं गेलं.

"थांबा. ज्यांना आधी कळलं, त्याच सांगतील," म्हणत साहेबांनी फोन धाकटीच्या हातात दिला.